सायकलसाठी नवा ट्रॅक नको, आहेत ते मुरमाचे रस्ते ठरवून द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सातारा शहरात हौसेने सायकल चालवणाऱ्यांची संख्या गेल्या काही वर्षांत चांगलीच वाढली असून, त्यांच्यासाठी स्वतंत्र सायकल ट्रॅक बांधावा, ही मागणीही अधूनमधून डोके वर काढते. मागणी करणाऱ्यांच्या हेतूविषयी शंका नाही. परंतु मोठ्या शहरांतल्या रंगीत फरशांच्या ट्रॅकवर पुढे सायकली कमी आणि उभ्या केलेल्या दुचाक्या जास्त दिसतात, हे पुण्याला जाऊन आलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको. साताऱ्याला अशा ट्रॅकची गरजच नाही, कारण सायकलसाठी हवे तसे मुरमाचे, खडीचे आणि जांभ्याचे रस्ते शहराच्या चहूबाजूंनी आजही आहेत. त्यांपैकी कोणते खुले, कोणते बंद आणि कोणते वर्षातल्या ठरावीक महिन्यांतच खुले, हे जिल्हा प्रशासन, वन विभाग, जलसंपदा विभाग आणि ग्रामपंचायती यांनी एकत्र बसून एकदा ठरवावे आणि नकाशावर जाहीर करावे, एवढीच या पत्रामागची विनंती आहे.

साताऱ्याची ठेवणच अशी आहे की, गावाबाहेर पडले की कोणते तरी खोरे लागते. यवतेश्वराचा घाट चढून कासकडे जाणारी डोंगररांग उत्तरेकडचे वेण्णेचे खोरे आणि दक्षिणेकडचे उरमोडीचे खोरे यांना वेगळे करते. पूर्वेला माहुलीच्या संगमावर वेण्णा कृष्णेला मिळते. कासच्या पलीकडे बामणोलीकडे उतरले की कोयनेचा जलाशय आणि अभयारण्याचे जंगल सुरू होते. एवढे सगळे उपलब्ध असताना आपले सायकलस्वार मात्र रविवारी सकाळी एकतर पुणे-बंगळूर महामार्गाच्या कडेने जीव मुठीत धरून जातात, नाहीतर कासच्या डांबरी रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्यांच्या रांगेत सापडतात. फुलांच्या हंगामात तर त्या घाटात वळणावर सायकल सांभाळायची की मागून येणारा हॉर्न ऐकायचा, हेच कळत नाही.

ग्रॅव्हल बाईक नावाचा जो प्रकार आता आपल्याकडेही दिसू लागला आहे, तो नेमका याच अडचणीवरचा उपाय आहे. शर्यतीच्या सायकलसारखे वाकडे हँडल, पण टायर जाड, साधारण चाळीस मिलिमीटरचे; त्यामुळे डांबर संपून मुरूम सुरू झाला तरी उतरून ढकलत न्यावे लागत नाही. अशी सायकल महाग मिळते हे खरे, परंतु जाड टायरची साधी सायकलही या रस्त्यांना पुरते. मागे दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या अडकवलेली काळी सायकल घेऊन आमच्या भागातले गवळी याच वाटांनी रोज शहरात येत असत, आणि त्यांना गिअर नव्हते.

या रस्त्यांमध्ये पहिला मान कालव्याकाठच्या रस्त्यांचा. वेण्णेवरच्या कण्हेर धरणातून निघणारा कालवा घ्या किंवा उरमोडीचा घ्या, पाणी आपल्या भाराने पुढे जावे म्हणून कालवा डोंगराच्या कडेकडेने, अगदी अल्प उतार ठेवून नेलेला असतो. साहजिकच त्याच्या भरावावरचा देखभालीचा रस्ताही जवळजवळ सपाट असतो. डोंगराळ तालुक्यात नवख्या माणसाला, शाळकरी मुलांना किंवा साठी उलटलेल्यांना दम न लागता दहा-पंधरा किलोमीटर जाता येईल असा रस्ता दुसरा कुठे आहे? एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला पाणी, मधे कुठे पायऱ्यांवर गोधड्या धुणे चाललेले, कुठे चारीच्या, म्हणजे शेताकडे जाणाऱ्या छोट्या पाटाच्या, दारावर पाण्याच्या पाळीची वाट पाहत बसलेला शेतकरी. मात्र या रस्त्याचे धोकेही सांगितले पाहिजेत. अस्तरीकरण केलेल्या कालव्याच्या बाजू तिरप्या आणि शेवाळाने गुळगुळीत असतात. आवर्तन सुरू असताना, म्हणजे कालव्याला पाणी सोडलेले असताना, त्यात पडलेल्या माणसाला, तो पोहणारा असला तरी, काठ धरता येत नाही. त्यामुळे ठरावीक अंतरावर पायऱ्या किंवा काठाला पक्की बांधलेली साखळी असणे ही सायकलस्वारांइतकीच गावकऱ्यांचीही गरज आहे. गाळपाच्या हंगामात उसाने भरलेल्या ट्रॉल्या याच भरावावरून निघतात, तेव्हा सायकलने बाजूला उतरून थांबावे, यात वाद नको. आणि बांधावरच्या बाभळी तोडल्या की काटे रस्त्यावरच पडून राहतात, हे ज्याने एकदा पंक्चर काढले आहे तो विसरत नाही.

दुसरा प्रकार पठारावरचा. बोरणे घाट चढून ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडी आणि तिथून वनकुसवडेपर्यंतच्या पठारावर गेल्या शतकाच्या अखेरीपासून पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्यांची लांबच लांब पाती ट्रेलरवरून वर न्यायची असल्यामुळे तिथले रस्ते रुंद, मोठ्या वळणांचे आणि बेताच्या चढाचे करावे लागले. पाती वर गेली, रस्ते राहिले. तांबड्या मातीचे हे रस्ते दिवाळीनंतर कोरडे झाले की त्यांच्यासारखा दुसरा सायकलचा रस्ता जिल्ह्यात नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. पावसाळ्यात मात्र तिथे जाऊ नये. दहा पावलांवरचे दिसत नाही असे धुके आणि आडवा वारा एकदम आला, तर सायकल हातात राहत नाही.

पाणंद रस्त्यांविषयी, म्हणजे शेतांमधून जाणाऱ्या वाटांविषयी, थोडक्यातच लिहितो. गाव नकाशात दुहेरी तुटक रेषेने दाखवलेले गाडीरस्ते अनेक ठिकाणी दोन्हीकडच्या उसाने गिळले असले, तरी २०२१ पासूनच्या मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजनेमुळे काही पुन्हा मोकळे होऊन मजबूत झाले आहेत. ते शेतमालासाठी आहेत. सायकलला त्यांचा लाभ आयता मिळतो.

आता ज्या वाटांना ठामपणे नाही म्हटले पाहिजे, त्यांच्याकडे वळतो. पश्चिम घाटाचा भाग म्हणून कासला २०१२ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, पण तिथल्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, जांभ्याच्या खडकाला धरून असलेला मातीचा थर जेमतेम बोटभर असतो. पावसात तो भिजलेला असताना त्यावरून एक टायर गेला तर चर पडतो, पाणी त्या चरातून वाहू लागते आणि दवबिंदू, सीतेची आसवे यांसारख्या बोटभर उंचीच्या वनस्पतींखालची मातीच निघून जाते. एकाच्या मागून दुसरा जातो आणि पुढच्या वर्षी ती वाट होते. कोयना अभयारण्य तर २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. तिथे परवानगीशिवाय पाऊल टाकणेही गुन्हा आहे, मग सायकलची गोष्ट दूरच. कास-बामणोली हा डांबरी रस्ता सर्वांना खुला आहे, पण तिथेही सांजवेळी गवे रस्त्यावर येतात, तेव्हा काळोखापूर्वी परतावे.

हे जाणत्यांना ठाऊक आहे. अडचण बाहेरून येणाऱ्यांची आहे, आणि तिचे मूळ मोबाईलमध्ये आहे. सायकलच्या अ‍ॅपवर कोणी एकाने एकदा सड्यावरून किंवा जंगलातून नेलेली रेघ दुसऱ्याला ‘मार्ग’ म्हणून दिसते, तो उतरवून घेतो आणि निर्धास्तपणे त्यावरून जातो. ती वाट कोणाच्या खाजगी रानातून जाते की अभयारण्यातून, हे अ‍ॅपला माहीत नसते. अधिकृत नकाशाच नसेल तर त्या माणसाला दोष तरी कसा द्यायचा? आपण मार्ग ठरवले नाहीत, तर ते अ‍ॅपवर आपोआप ठरत राहणार आहेत.

यावर काही जण विचारतील, आणि त्यांचे विचारणे रास्त आहे, की शहरातल्या लोकांच्या हौसेसाठी गावांनी कच्चेच रस्ते ठेवायचे काय? मुळीच नाही. ज्या वाडीला दवाखान्यात जायला, मुलांना शाळेत पाठवायला डांबरी रस्ता हवा आहे, तिला तो आधी मिळाला पाहिजे, मग सायकलस्वारांचा आवडता मुरूम त्याखाली गेला तरी चालेल. माझा आक्षेप आहे तो जिथे वस्ती नाही अशा कालव्याच्या भरावावर किंवा पठारावर केवळ निधी आहे म्हणून काँक्रीट ओतण्याला. तिथे दरवर्षी पावसाळ्यानंतर खड्ड्यांत मुरूम टाकून रोलर फिरवला आणि पाणी वाहून जायला बाजूचे चर मोकळे केले, की काम भागते.

खर्चाची बाबही फार मोठी नाही. फाट्याफाट्यांवर अंतर व दिशा दाखवणारे दगड, बंद वाटांवर मराठीत स्पष्ट फलक, जिल्हा प्रशासनाच्या संकेतस्थळावर उतरवून घेता येईल असा नकाशा, आणि परळी, मेढा, ठोसेघर यांसारख्या गावांत पिण्याचे पाणी व पंक्चरचे साहित्य कुठे मिळेल याची त्यावर नोंद, इतके पुरेसे आहे. सुरुवात म्हणून कण्हेर कालव्याचा एखादा टप्पा आणि चाळकेवाडीचे पठार हे दोनच मार्ग येत्या दिवाळीपूर्वी निश्चित करावेत, आणि त्या बैठकीला सायकलस्वारांच्या आधी त्या त्या गावच्या सरपंचांना व पाणीवापर संस्थांना बोलवावे, अशी विनंती आपल्या पत्रामार्फत जिल्हाधिकाऱ्यांना करीत आहे.

आपला,
एक वाचक, सातारा