रांगेतल्या भांडणातून निघालेली विद्या

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकाच्या शहर पानावर मानेवाडा भागातल्या आमच्या समाजभवनात चालणाऱ्या मुलींच्या वर्गाचा फोटो आला. डावीकडून तिसरी, कमरेचा पिवळा पट्टा सुटत आलेली, ती माझी नात. फोटो झकास आहे. पण खाली लिहिलंय, 'कराटेचे धडे गिरवताना विद्यार्थिनी'. आणि बातमीत पुढे, 'दोन हजार वर्षांपूर्वी कोरियातील बौद्ध भिक्खूंनी जन्माला घातलेली कला'. पहिल्या चुकीवर नात रुसली. दुसरीवर आमची वस्ती खूश झाली. दर दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाणारी माणसं आम्ही, भिक्खूंचं नाव वाचून पोरांनी कात्रण थेट समाजभवनाच्या बोर्डावर लावलं. आता त्यांचा विरस करायचं काम माझ्याकडे.

त्या वर्गात शिकवतात ते हापकिडो, म्हणजे कोरियातली स्वसंरक्षणाची विद्या. कराटेचं माहेर ओकिनावा बेट, आणि त्यात ठोसा-लाथेला मान. आमच्या वर्गात पहिला महिनाभर कोणी मूठसुद्धा वळली नाही. आधी पडायला शिकवलं. पडताना हनुवटी छातीशी, आणि तळहात गादीवर सपकन् आपटायचा, म्हणजे डोकं वाचतं. मग मनगट सोडवायला.

इथे माझं थोडं सांगतो. मी एसटीत 26 वर्षं कंडक्टर होतो. एकदा काटोलहून नागपूरला येणाऱ्या शेवटच्या फेरीत, कळमेश्वर सुटल्यावर, एका पिलेल्या गड्याने सुट्ट्या पैशांवरून माझं डावं मनगट धरलं. 'माहे पैसे दे बे!' मी हात मागे ओढला. जितका ओढला तितका त्याने आवळला. तिकिटांचा ट्रे पायरीवरून खाली गेला. शेवटी ड्रायव्हरने गाडी उभी केली तेव्हा सुटलो. चार दिवस मनगटावर चार निळे वळ होते.

नातीने तो किस्सा ऐकला आणि म्हणाली, 'आबा, तुम्ही चुकीकडून ओढलं नं.' मग दाखवलं. बोटं पूर्ण पसरायची, त्याने मनगट ताठ होतं. कोपर आपल्या बरगडीकडे आणायचं, मागे नाही, उलट अर्धं पाऊल पुढे. आणि हात वळवून समोरच्याच्या अंगठ्याच्या बाजूने काढायचा. त्याची चार बोटं एका बाजूला असतात, अंगठा बिचारा दुसऱ्या बाजूला एकटा. मी तिचा हात हलकाच धरला होता, तर सर मागून म्हणाले, 'काका, खरं धरा, लाड नको.' खरं धरलं. अकरा वर्षांची पोट्टी, तरी सुटली. माझं अख्खं वजन वापरून धरलेलं मनगट होतं ते, बरं का. वरच्या रंगाच्या पट्ट्यांपर्यंत पोचलेल्या मुलींना मग सुटता सुटता समोरच्याचंच मनगट किंवा कोपर मुरगाळून त्याला खाली बसवणं, फेकणं, आणि लाथा. जोराला जोर लावायचा नाही, पाण्यासारखं बाजूने जायचं आणि वळण गोल ठेवायचं, असं सर सारखं सांगतात.

आता दोन हजार वर्षांचं. हापकिडो माझ्या वडिलांपेक्षा लहान आहे. तिचं मूळ ज्यांच्याकडे जातं ते चोई योंग-सुल लहानपणी जपानला गेले, तिथे वाढले, आणि दुसरं महायुद्ध संपल्यावर कोरियातल्या देगू शहरात परतले. ताकेदा सोकाकु या जपानी गुरूंकडे दाइतो-र्यू ही जुजुत्सूची, म्हणजे जुन्या जपानी झटापटीच्या विद्येची, शाखा शिकलो, असं ते सांगत. ताकेदा शिष्यांच्या नोंदी फार काटेकोर ठेवत, आणि त्यात चोईंचं नाव सापडत नाही, म्हणून यावर अजून वाद चालतो. पण अंगात विद्या होती, हे देगूने पाहिलं.

ती गोष्ट 1948 ची. चोई डुकरं पाळत. त्यांना घालायला धान्याचा चोथा हवा, म्हणून एका दारूच्या कारखान्यापुढे रांगेत उभे होते. रांगेवरून भांडण जुंपलं, तीन-चार जण अंगावर आले, आणि या माणसाने एकेकाला आडवं केलं. मालकाचा मुलगा सो बोक-सोप वरून बघत होता. स्वतः जुदोचा ब्लॅक बेल्ट. त्याने त्यांना आत बोलावलं आणि तो त्यांचा पहिला शिष्य झाला. 1951 मध्ये दोघांनी देगूत शाळा उघडली. मला ही गोष्ट भिक्खूंपेक्षा जास्त पटते. आयुष्यभर बसस्टँडवरच्या रांगा पाहिल्यात मी, तिथे काय काय निघतं ते ठाऊक आहे.

मग प्राचीनतेची कथा काहून जोडतात? जपानने 1910 ते 1945 कोरियावर राज्य केलं. आपल्या विद्येची मुळं त्या राज्यकर्त्यांच्या घरात आहेत, हे कोण हौसेने सांगेल? नावातच ते दिसतं. हाप म्हणजे जुळवणं, की म्हणजे प्राणशक्ती, डो म्हणजे मार्ग. हीच तीन चिनी अक्षरं जपानीत वाचली की 'आयकिदो' होतं, म्हणजे जपानची तशीच एक विद्या, आणि तिचे जनक उएशिबाही ताकेदांचेच शिष्य. तरी दोन्ही एक नव्हेत. चोईंचे शिष्य जी हान-जे यांनी यात कोरियन लाथा भरल्या, राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांच्या अंगरक्षकांना शिकवलं. ब्रूस लीच्या अपुऱ्या राहिलेल्या चित्रपटात त्याच्याशी लढणारा, सोनेरी पट्ट्याचा माणूस तोच.

एका शब्दाने एवढं काय बिघडतं, असं आपण म्हणाल. बातमी वाचून शेजारचे एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. कराटे तर ऑलिम्पिकमध्ये होतं, मग दहावीला खेळाचे गुण मिळतील ना, असं विचारत होते. कराटे टोकियोत होतं, पॅरिसला नव्हतं. 2000 पासून ऑलिम्पिकमध्ये पदकांसाठी खेळतात ते तायक्वांदो, तेही कोरियाचंच. हापकिडो ऑलिम्पिकमध्ये नाही. ते ऐकून गृहस्थ मुलीला घेऊन परत गेले. पोरगी दारात थांबून गादीकडे बघत होती.

बाकी या विद्येत म्हाताऱ्यांनाही जागा आहे. वाकड्या मुठीची काठी हे तिचं एक रीतसर हत्यार. परवा सरांनी माझीच काठी मागून घेतली आणि मोठ्या मुलींना दाखवलं, घोट्यात मूठ अडकवून माणूस कसा बसवायचा ते. खालचं रबर निघालं, ते बदलून घेतो.

एवढी विनंती, दुरुस्ती त्याच पानावर आणि फोटोसकट छापावी. बोर्डावरचं कात्रण काढायला मला सांगितलंय, आणि त्या जागी नुसत्या चार टाचण्या ठेवल्या तर पोरं ऐकणार नाहीत.

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक
मानेवाडा, नागपूर
(कृपया नाव छापू नये)