कूलर, शिलाई मशीन आणि साक्षगंध: आईबाबांना पत्र

उट्रेख्त, नेदरलँड्स
8 मार्च

तीर्थरूप बाबा आणि सौ. आई यांस साष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. जेवणखाण, नोकरी आणि इथली थंडी याविषयी फोनवर रोजच बोलणे होते, त्यामुळे ते पुन्हा लिहीत नाही. हे पत्र मुद्दाम लिहिण्याचे कारण असे की, मागच्या व्हिडिओ कॉलवर आईला माझ्या कोटाच्या कोपरावरचे ठिगळ दिसले आणि तिने लगेच विचारले, "तिकडं जाऊनही तुले जुनंच वापरा लागते काय?" मी तेव्हा हसून विषय टाळला, परंतु त्यानंतर बाबांनी काकांकडे माझ्या पगाराची चौकशी केल्याचे छोटीने मला सांगितले, म्हणून हा खुलासा करणे भाग आहे.

मला पैशांची कसलीही चणचण नाही. कोट अस्सल लोकरीचा आहे, विरले होते ते फक्त कोपर, आणि तेवढ्यासाठी तो टाकून द्यावा असे आईनेच मला कधी शिकवले नाही. सायकल जुनी घेतली, हेही खरे आहे. पण या गावात त्याचा कोणाला कमीपणा वाटत नाही. उट्रेख्तच्या रेल्वे स्टेशनखाली 12,500 सायकली ठेवता येतील एवढे तळघर आहे, तेथे गंजलेल्या साखळीची सायकल उभी करून उत्तम पगाराची माणसे गाडी पकडायला धावतात. पंक्चर मात्र मी दुकानात काढत नाही, कारण दुकानदार जे पैसे मागतो त्यात आपल्याकडे नवा टायर आणि ट्यूब दोन्ही येतील. बाबांनी अंगणात शिकवल्याप्रमाणे ट्यूब घासून, सोल्युशन लावून, ते नीट सुकू देऊन ठिगळ बसवते.

कोटाचे ठिगळ जिथे लावले त्या जागेविषयी सविस्तर सांगते, कारण मलाही ते समजायला वेळ लागला. त्याला येथे 'रिपेअर कॅफे' म्हणतात. ते दुकान नाही. महिन्यातून एखाद्या शनिवारी वस्तीतल्या समाजमंदिरासारख्या सभागृहात टेबले मांडतात. एका टेबलावर शिवणयंत्र, दुसऱ्यावर सोल्डरिंग आणि मीटर, तिसऱ्यावर लाकूडकामाची हत्यारे असतात, आणि त्यामागे बहुधा निवृत्त झालेले वीजतंत्री, शिंपीकाम जाणणाऱ्या आजी किंवा एखादा हौशी इंजिनिअर बसलेला असतो. लोक घरून बंद पडलेला टोस्टर, फाटलेली पिशवी, मोडलेली खुर्ची घेऊन येतात, दारात कागदावर वस्तू आणि तिचा दोष लिहून देतात आणि कॉफी पीत आपल्या पाळीची वाट पाहतात. मजुरी कोणी घेत नाही. सुटा भाग लागला तर त्याचे पैसे द्यायचे आणि इच्छा झाल्यास डब्यात चार नाणी टाकायची. मला सर्वांत नवल वाटले ते याचे की, वस्तू ठेवून निघून जाता येत नाही. दुरुस्त करणाऱ्याच्या शेजारी बसायचे, स्क्रू धरायचे, जमल्यास स्वतः पिळायचे. माझ्या कोटाचे अर्धे टाके त्या आजींनी माझ्याकडूनच घालून घेतले, आणि तरीही ते वाकडे आले हे आईने कॉलवर ओळखलेच. पहिला असा कॅफे मार्टिन पोस्टमा नावाच्या पत्रकार बाईंनी ऑक्टोबर 2009 मध्ये ॲमस्टरडॅम येथे भरवला, आणि आज जगभर त्यांची संख्या अडीच हजारांच्या वर गेली आहे. कॉफीची यंत्रे तिथे फार येतात. पुष्कळदा त्यात बिघाड असा नसतोच, पाण्यातल्या क्षारांनी नळी बुजलेली असते.

येथे हा उपद्व्याप करावा लागतो, कारण दुरुस्तीची मजुरी महाग आणि नवी वस्तू स्वस्त. त्यातच कंपन्या वस्तूचे कवच स्क्रूऐवजी डिंकाने चिकटवतात किंवा साध्या पेचकसाने निघणार नाहीत असे स्क्रू लावतात. म्हणून 2021 पासून युरोपात धुलाई यंत्रे आणि फ्रिज यांचे सुटे भाग सात ते दहा वर्षे मिळालेच पाहिजेत असा नियम आहे, आणि 2024 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा वेगळा कायदाही झाला. मी तेथे बसून आपल्या शकुंतला रेल्वेची हकीकत सांगितली: 1921 साली मँचेस्टरला बांधलेले वाफेचे इंजिन यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गावर 1994 पर्यंत चालत राहिले. एका आजोबांनी तिच्या बॉयलरविषयी इतके बारीक प्रश्न विचारले की मला उत्तरे देता आली नाहीत. बाबांना विचारून सांगेन असे त्यांना म्हटले आहे.

आता घरच्या कामाकडे वळते. कूलर भंगारात द्यायचा बाबांचा विचार छोटीने कळवला. पत्र्याचा जुना कूलर नव्या प्लास्टिकच्या कूलरपेक्षा वाईट असतो असे समजू नका. पंखा हळू फिरतो म्हणजे मोटर जळाली असेच नसते, बऱ्याचदा कंडेन्सर बदलला की तो पूर्ववत फिरतो. पंपाची नळी क्षारांनी बुजली असेल तर ती व्हिनेगरच्या पाण्यात रात्रभर भिजवावी, ताट्या मात्र दरवर्षीप्रमाणे नव्या घ्याव्यात आणि टाकीला आतून डांबर लावावे. परंतु वीज हा विषय मी सोडणार नाही. तीन पिनांची वायर आणि चालू अर्थिंग असल्याशिवाय कूलर सुरू करू नये, पाणी भरताना पिन काढलेली असावी, आणि घराच्या बोर्डावर तारतंत्र्याकडून आरसीसीबी बसवून घ्यावी, जी तीस मिलिअँपिअरची गळती होताच वीज तोडते. दरवर्षी होळी झाली की कूलर मी आणि बाबा मिळून उतरवत असू. या वर्षी तो बाबांनी एकट्याने उतरवू नये, शेजारच्या मुलांना बोलवावे.

आई, तू पितळी गंज-पातेली माळ्यावर टाकून दिली आहेत असे कळले. कल्हईवाला गावात फिरकत नाही हे खरे, पण यवतमाळच्या बाजारात कल्हई करून मिळत असेल तर ते तिकडे पाठव. तोपर्यंत त्यात कढी किंवा आंबाडीची भाजी मुळीच करू नकोस, कल्हई उडालेल्या भांड्यात आंबट पदार्थ विषारी होतो. आणि शिलाई मशीन भंगारवाल्याला देऊन छोटीला आंदणात नवी द्यायची, हे मला अजिबात पटलेले नाही. जुन्या मशीनचा सांगाडा बिडाचा आहे, त्याला काही होत नाही. झिजते ते शटल, बॉबीन आणि चामड्याचा पट्टा, आणि हे सगळे बाजारात मिळते. हवी तर तिला मोटर लावून द्या. छोटीलाही तीच हवी आहे, पण ती तुम्हाला तोंडावर सांगणार नाही.

फ्रिज मात्र नवाच द्या. त्याचे पैसे मी देणार आहे, त्यावर बाबांनी वाद घालू नये. एवढेच बघा की ज्या कंपनीचा मिस्त्री दारव्ह्यापर्यंत येतो तिचाच घ्यावा. आपल्याकडेही डिसेंबर 2022 मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू केले आहे. सुटे भाग आणि वॉरंटीची माहिती तिथे मिळू शकते, छोटीला मोबाइलवर पाहायला सांगा.

साक्षगंधाला मला येता येणार नाही. रजा एकदाच मिळणार आहे आणि ती मी मे महिन्यातल्या लग्नासाठी राखून ठेवली आहे. पाहुण्यांनी विचारले तर तसेच सांगावे, मोठी बहीण रुसली आहे असा अर्थ कोणी काढू नये. अकोल्याच्या स्थळाविषयी आईने पुन्हा विचारले आहे. मी नाही म्हटलेले नाही, फक्त छोटीचे पार पडू द्या, मग आपण बसून बोलू. धाकटीचे आधी होते म्हणून गावात कोण काय म्हणते याची काळजी माझ्यासाठी करू नका. शैक्षणिक कर्जाचे हप्ते वेळेवर जात आहेत. लग्नखर्चासाठी घरातला कापूस पडत्या भावाने विकू नका. त्याने आईच्या अंगाला खाज सुटते हे मला ठाऊक आहे, तरी तो मागच्या खोलीत हलवून थोडे थांबावे. त्या रकमेची सोय मी करते, पहिला भाग या आठवड्यात पाठवत आहे आणि उरलेला एप्रिलच्या पगारानंतर. बँकेत जमा झाल्याचा मेसेज आला की छोटीकडून मला लगेच कळवावे.

तुमची,
थोरली