इम्युनोथेरपी म्हणजे ‘प्रतिकारशक्ती वाढवणारे इंजेक्शन’ नव्हे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

कर्करोगावरच्या नव्या उपचारांची बातमी आली की ‘रुग्णाची प्रतिकारशक्ती वाढवणारे इंजेक्शन’ हे शब्द तिच्यात ठरलेले असतात. आपल्या आरोग्य पुरवणीतही ते आले होते. इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढू देणारा उपचार, सोपी करून सांगावी हा त्यामागचा हेतू चांगलाच आहे, पण असे सांगताना अर्थच बदलतो आणि पुढे त्याचा त्रास रुग्णाला होतो. म्हणून हे पत्र, जरा लांबले तरी.

कर्करुग्णाच्या शरीरात लढणाऱ्या पेशीच उरलेल्या नसतात, असे सहसा नसते. टी-पेशी या लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी शरीरात असतात, अनेकदा गाठीच्या आतपर्यंत पोचलेल्याही असतात. पण तिथे त्या नुसत्या उभ्या राहतात. आपल्याच अवयवांवर त्यांनी तुटून पडू नये म्हणून त्यांच्या अंगावर निसर्गानेच काही लगाम ठेवले आहेत. सीटीएलए-४ हा लगाम मुख्यतः लसिकाग्रंथींमध्ये, म्हणजे टी-पेशी कामाला निघण्याच्या वेळीच ओढला जातो. पीडी-१ हा दुसरा लगाम प्रत्यक्ष लढाईच्या जागी. कर्कपेशी आपल्या पृष्ठभागावर पीडी-एल१ नावाचे प्रथिन आणते, ते टी-पेशीच्या पीडी-१ला जाऊन चिकटते आणि टी-पेशी गप्प बसते.

चढावर उभ्या असलेल्या बैलगाडीच्या चाकाखाली दगड लावलेला असेल, तर बैलांना कितीही पेंड चारा, गाडी हलणार नाही. पेंब्रोलिझुमॅब, निवोलुमॅब, ॲटेझोलिझुमॅब ही इम्युनोथेरपीची औषधे तो दगड काढतात. पेंड चारत नाहीत. क्योटोच्या तासुकु होन्जो यांच्या प्रयोगशाळेने १९९२ साली पीडी-१ शोधला, अमेरिकेत जेम्स ॲलिसन यांनी सीटीएलए-४ अडवून दाखवला, आणि २०१८चे नोबेल दोघांना मिळाले ते लगाम सोडवण्याच्या या कल्पनेसाठी. या जातीचे पहिले औषध, इपिलिमुमॅब, अमेरिकेत २०११मध्ये मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगासाठी मंजूर झाले.

आता हाच दाखला पुढे नेला तर बातम्यांत न येणारी गोष्ट कळते. बैलच जुंपलेले नसतील तर दगड काढून उपयोग काय? ज्या गाठीत टी-पेशी शिरलेल्याच नाहीत, तिथे ही औषधे बहुधा निष्फळ ठरतात. स्वादुपिंडाचा बहुतेक कर्करोग असा. उलट मेलानोमा किंवा धूम्रपान करणाऱ्यांचा फुप्फुसाचा कर्करोग यांच्या पेशींत जनुकीय बिघाड इतके असतात, की त्या शरीराला परक्या वाटतात आणि टी-पेशी तिथे शिरतात. म्हणून ‘इम्युनोथेरपी घेऊन बघू का?’ याआधी ‘माझ्या गाठीचे कोणते तपास झाले?’ हे विचारायला हवे. बहुतेक तपासांना नवी बायोप्सीही लागत नाही. पहिल्या बायोप्सीचा मेणात जपलेला तुकडा, ज्याला सगळे ‘ब्लॉक’ म्हणतात, तो लॅबमधून मागून घेता येतो. रुग्णालय बदलताना रिपोर्टची झेरॉक्स नेतात आणि ब्लॉक मागेच राहतो, ही नेहमीची चूक.

जून २०२२ मधले मथळे आठवा: ‘औषधाने कॅन्सर शंभर टक्के बरा.’ न्यूयॉर्कमध्ये गुदाशयाच्या कर्करोगाच्या १२ रुग्णांना डोस्टार्लिमॅब हे पीडी-१ रोखणारे औषध दर तीन आठवड्यांनी ५०० मिलिग्रॅम, असे सहा महिने दिले आणि १२ही जणांच्या गाठी पूर्ण विरघळल्या. बातमी खरी होती. पण ते सगळे रुग्ण ‘मिसमॅच रिपेअर’ म्हणजे डीएनएची नक्कल होताना राहिलेल्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा बिघडलेल्या गटातले होते, आणि गुदाशयाच्या कर्करोगात असे रुग्ण साधारण शंभरात पाच ते दहा. मथळ्यात हे नव्हते. मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या प्रत्येक कर्करोगात ब्लॉकवर एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२ आणि एमएसएच६ या, त्याच यंत्रणेतल्या, चार प्रथिनांचा तपास करून घ्यावा. उपचाराच्या खर्चापुढे या तपासाचा खर्च किरकोळ आहे. दोष निघाला तर उपचाराची दिशाच बदलते. दोष आनुवंशिकही असू शकतो, त्यामुळे भावंडांनाही तपासणीचा सल्ला द्यावा लागतो.

फुप्फुसाच्या कर्करोगात चूक वेगळी होते. ईजीएफआर किंवा एएलके या जनुकांतल्या बदलामुळे झालेल्या कर्करोगावर पीडी-१ रोखणारी औषधे फारशी चालत नाहीत; तिथे नेमक्या त्या बदलावर काम करणाऱ्या गोळ्याच जास्त गुणकारी. जनुकांचा रिपोर्ट यायला दिवस लागतात, घरच्यांना धीर नसतो, इंजेक्शन देऊन टाकले जाते. मग ईजीएफआरचा बदल सापडतो आणि ओसिमर्टिनिब ही त्यावरची गोळी सुरू होते. त्या क्रमाने फुप्फुसाला सूज येण्याचा धोका वाढतो, कारण आधीचे औषध अजून शरीरातच असते. रिपोर्टसाठी थांबणे हा वेळेचा अपव्यय नाही. असे बदल नसलेल्या आणि निम्म्याहून अधिक कर्कपेशींवर पीडी-एल१ सापडलेल्या, पसरलेल्या आजाराच्या रुग्णांत मात्र पेंब्रोलिझुमॅबने पाच वर्षांनी सुमारे ३२ टक्के हयात होते, केमोथेरपीने सुरुवात केलेल्यांपैकी १६ टक्के. इतकी मोठी तफावत या आजारात पूर्वी दिसत नसे. तरी उरलेले ६८ टक्के विसरू नयेत.

‘वाढवणारे’ या शब्दातून आणखी एक गैरसमज निघतो: जितका डोस मोठा, तितकी शक्ती जास्त. पीडी-१चे तसे नाही. सुरुवातीच्या चाचण्यांतच दिसले होते की डोस कितीतरी पटींनी वाढवला, तरी टी-पेशींवरचे अडवले गेलेले पीडी-१ जवळपास तेवढेच राहतात. जागा भरल्या की उरलेले औषध नुसतेच फिरत राहते. आपल्याकडे याला फार महत्त्व आहे. निवोलुमॅबचा नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने डोके व मानेच्या कर्करोगाच्या, बरे होण्याची आशा संपलेल्या १५१ रुग्णांवर चाचणी केली. सर्वांना मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब या गोळ्या दिल्या. निम्म्यांना त्याशिवाय निवोलुमॅब, दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम. सहा आठवड्यांचा हिशेब केला तर ७२० ऐवजी ४०, म्हणजे अठरावा हिस्सा. एका वर्षानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले, आणि गंभीर दुष्परिणाम वाढले नाहीत.

यात एक मेख आहे. ही तुलना कमी डोस विरुद्ध पूर्ण डोस अशी नव्हती. निवोलुमॅब विरुद्ध निवोलुमॅब नाही, अशी होती. त्यामुळे कमी डोस पूर्ण डोसइतकाच चांगला, हे त्यातून सिद्ध झालेले नाही. पण ज्यांना पूर्ण डोस या जन्मात परवडणार नाही, त्यांच्यासाठी पर्याय ‘काहीच नाही’ हा असतो, आणि त्यापेक्षा हा कितीतरी बरा. यातली व्यवहाराची बाजू अशी: सर्वांत लहान बाटली ४० मिलिग्रॅमची, चार मिलिलिटरची असते. २० मिलिग्रॅम म्हणजे दोन मिलिलिटर. औषधात जंतुरोधक नसते, म्हणून उघडलेली बाटली पुढच्या वेळेसाठी ठेवता येत नाही. दोन रुग्णांना एकाच दिवशी, एकाच तासाला बोलावले तरच अर्धे औषध वाया जात नाही. औषध विक्रेत्याकडून स्वतः बाटली आणणाऱ्यांनी ती दोन ते आठ अंश तापमानात आणावी, पण बर्फाला चिकटवू नये. गोठले की ते टाकून द्यावे लागते. बाटली जोरात हलवायचीही नाही. प्रथिनांच्या गुठळ्या होतात.

जाता जाता कार-टीबद्दल. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक यांच्या प्रयत्नांतून आलेल्या नेक्सकार१९ या उपचाराला ऑक्टोबर २०२३मध्ये मंजुरी मिळाली. तीही इम्युनोथेरपीच, पण रुग्णाच्या टी-पेशी बाहेर काढून, जनुक घालून परत देण्याची, आणि ती बी-पेशींच्या काही रक्ताच्या कर्करोगांसाठी. तोंडाच्या कर्करोगाला ती लागू नाही, तरी चौकशीचे फोन त्यासाठीही येतात.

आता या पत्राचा खरा मुद्दा, दुष्परिणाम. प्रतिकारशक्ती वाढली तर त्रास कसला होणार, असे घरच्यांना वाटते. केस गळत नाहीत, उलट्या होत नाहीत, अर्ध्या तासाचे सलाईन आणि माणूस घरी. पण दगड काढलेली गाडी हव्या त्याच वाटेने जाईल याची हमी नसते. सुटलेल्या टी-पेशी आतडे, यकृत, फुप्फुस, थायरॉइड, पिट्युटरी (मेंदूखालची ग्रंथी), क्वचित हृदय, कुठेही वळू शकतात. त्वचेवर पुरळ पहिल्या काही आठवड्यांत, जुलाब बहुधा दीड-दोन महिन्यांत, ग्रंथींचे बिघाड त्यानंतर. आणि उपचार थांबवून कित्येक महिने झाल्यावरही यातले काहीही उद्भवू शकते.

जुलाबांचेच घ्या. घरचे डॉक्टर जंतुसंसर्ग समजून अँटिबायोटिक आणि जुलाब बंद करणारी गोळी देतात. इथे आतड्याला सूज आलेली असते. गोळीने जुलाब तात्पुरते थांबतात आणि सूज आत वाढत राहते, प्रसंगी आतड्याला छिद्र पडते. नेहमीपेक्षा दिवसाला चार किंवा अधिक वेळा जास्त जावे लागले, रक्त पडले किंवा पोट दुखले, तर त्याच दिवशी कर्करोग विभागाला फोन करावा. उपचार स्टिरॉइडचा: प्रेडनिसोलोन वजनाच्या किलोमागे एक ते दोन मिलिग्रॅम, आणि बरे वाटल्यावर चार ते सहा आठवड्यांत हळूहळू कमी. इथेच घोटाळा होतो. आठ दिवसांत बरे वाटते, गोळ्या बंद होतात आणि जुलाब दुप्पट जोराने परततात. स्टिरॉइडने तीन-चार दिवसांत उतार पडला नाही तर इन्फ्लिक्सिमॅबसारखे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध लागते, पण त्याने दबलेला क्षयरोग उठू शकतो. आपल्याकडे क्षयरोग आणि हिपॅटायटिस बीची तपासणी पहिल्या डोसआधीच करून ठेवलेली बरी. गडबडीच्या रात्री ती होत नाही.

‘स्टिरॉइडने इम्युनोथेरपी फुकट जाते’ ही भीतीही ऐकू येते. दुष्परिणामासाठी योग्य वेळी दिलेल्या स्टिरॉइडने फायदा पुसला जातो असे दिसलेले नाही. स्टिरॉइड टाळल्याने मात्र माणसे दगावतात.

थकवा हे सर्वांत फसवे लक्षण. कर्करोग आहे, थकवा असणारच, असे म्हणून सोडून देतात. दर सहा आठवड्यांनी टीएसएच हा थायरॉइडचा रक्ततपास बघतात, पण नुसत्या टीएसएचवर पिट्युटरीचा बिघाड सुटून जातो; सोबत फ्री टी४ हे थायरॉइडचे संप्रेरक आणि सकाळी आठचे कॉर्टिसॉल, म्हणजे शरीरातले नैसर्गिक स्टिरॉइड, हेही तपासायला हवे. दोन्ही कमी असतील तर आधी कॉर्टिसॉलची उणीव भरणारे हायड्रोकॉर्टिसोन, मग थायरॉइडची गोळी. क्रम उलटा झाला तर रक्तदाब कोसळू शकतो. अचानक तहान, वारंवार लघवी, उलट्या आणि धाप लागली तर लगेच साखर तपासावी. क्वचित मधुमेह इतका झपाट्याने सुरू होतो, की तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा तपास तोवर ठीकच येतो. नवा कोरडा खोकला व दम, छातीत दुखणे, पापण्या जड होऊन खाली येणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट बघू नये.

आणि गुळवेल. ‘प्रतिकारशक्ती वाढवणारे इंजेक्शन’ चालू आहे म्हटल्यावर शेजारीपाजारी त्याला जोड सुचवतात. मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ साली गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला झालेल्या इजेची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. वाद बाजूला ठेवू. इम्युनोथेरपीवरच्या रुग्णाचे यकृत बिघडले तर ते कशामुळे, हे काढा चालू असताना सांगता येत नाही, आणि तेवढ्या कारणाने चालू असलेला उपचार थांबवावा लागतो. काढा, चूर्ण, भस्म काही घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका. मूत्रपिंड बदललेले असेल किंवा संधिवात, सोरायसिस असेल तर तेही पहिल्या भेटीतच सांगा.

आपल्याला विनंती दोन. बातमीत ‘वाढवणारे’ऐवजी ‘प्रतिकारशक्तीवरचा लगाम सोडवणारे’ असे लिहावे. एखाद-दुसरा शब्द जास्त जाईल. आणि जागा असेल तर पुढील मजकूर चौकटीत छापावा. रुग्णांनी तो कापून, औषधाचे नाव, शेवटच्या डोसची तारीख व कर्करोग विभागाचा फोन नंबर भरून पाकिटात ठेवावा आणि कोणत्याही दवाखान्यात आधी दाखवावा:

‘मला केमोथेरपी नव्हे, इम्युनोथेरपी चालू आहे किंवा गेल्या वर्षभरात झाली आहे. माझे जुलाब, खोकला, कावीळ, थकवा किंवा पुरळ हा त्या औषधाचा परिणाम असू शकतो. उपचार सुरू करण्यापूर्वी कृपया या नंबरवर बोला. स्टिरॉइड चालू असल्यास ते एकदम बंद करू नका.’

आपले,
कर्करोग विभागात काम करणारे एक डॉक्टर व एक औषधनिर्माते
पुणे