पाक वायानच्या शेताचं

पेरेरेनान, बाली
24 नोव्हेंबर 2025

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

तुझा व्हॉइस मेसेज बाबांनी जेवताना स्पीकरवर लावला. दोनदा लावला. पहिल्यांदा मला वाटलं, पोरांनी कुठली तरी ट्रीप ठरवलीय. मग "आठ आर", "पंचवीस वर्षं", "व्हिला", "स्विमिंग पूल", "महिन्याला एवढे सुटतील" असं एकेक कानावर यायला लागलं आणि आमटीची वाटी माझ्या हातातच राहिली. अजून सेकंड इयर सिव्हिलला आहेस रे. फोनवर बोलायला गेले की तू "आई, तुला नाही कळत" म्हणणार आणि मी चिडणार, म्हणून लिहायला बसले.

तुझं म्हणणं असं, की घरामागचं शेत शेजारचे पाक वायान (इथे "पाक" म्हणजे आपलं "राव", बाईमाणसाला "बू") आज ना उद्या कुणाला तरी देणारच, तर मग व्हिला बांधून भाड्याने द्यायला आपल्यालाच का नाही? पैसे मित्राचे वडील घालतील. परदेशी माणसाला इथे मालकी मिळत नाही, भाडेपट्टाच घ्यावा लागतो, हेही तू शोधून ठेवलंस. मी फक्त एकदा विचारायचं. वाटीभर साखर मागायची असल्यासारखं!

एजंट तर येतातच. मागच्या महिन्यात एक आला होता, पांढरा शर्ट, पायात चांगले बूट, बांधावर उतरला आणि घोट्यापर्यंत रुतला. मला फार बरं वाटलं. पाक वायानना तो "आरे"त भाव सांगत होता. एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर, जवळजवळ आपला गुंठाच. आजोबांच्या सातबाऱ्यावरही हेक्टर-आरच लिहिलेलं असायचं. इतक्या लांब येऊन तोच शब्द कानावर पडला आणि पोटात गोळा आला. का ते पुढे सांगते.

आधी पाण्याचं सांगते. सात वर्षं त्या खिडकीपाशी बसून तू अभ्यास केलास, पण खाली काय चाललंय ते बघितलंस असं मला वाटत नाही. मला इथे नोकरी करता येत नाही, व्हिसाच तसला, म्हणून माझं बघणंच जास्त. पाक वायानचं शेत म्हणजे एकट्याचं शेत नव्हे. वरच्या शेतातून पाणी त्यांच्याकडे येतं आणि त्यांच्याकडून खालच्याकडे जातं. सगळे मिळून एका सुबाकचे, म्हणजे पाणी वाटून घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या मंडळाचे. सुबाकचा म्होरक्या पेकासेह, तो ठरवणार पाणी कधी सोडायचं, लावणी कधी, आणि शेतं एकदम पडीक कधी ठेवायची. पडीक का? तर सगळीकडे एकदम खायला नसलं की कीड उपाशी मरते. सत्तरच्या दशकात सरकारने नवीन बियाणं दिलं आणि सांगितलं, थांबू नका, पिकावर पीक घ्या. मग तुडतुड्यांनी शेतंच्या शेतं खाल्ली. देवळातून ठरणारं वेळापत्रक ही अंधश्रद्धा नव्हती, हे तेव्हा साहेबलोकांना कळलं. युनेस्कोने 2012 मध्ये सुबाकला जागतिक वारसा म्हटलं, पण ती यादी जातिलुविहसारख्या ठिकाणांची. आपल्या खिडकीखालचं शेत कुठल्याच यादीत नाही.

आता या साखळीत मधल्या एकाने जमीन दिली की काय होतं? भिंत उभी राहते आणि पाट वळवावा लागतो. खालच्याला एक तर पाणी पोचत नाही, नाहीतर पावसात सगळं त्याच्याच अंगावर येतं. दोन हंगाम तो कुरकुरतो आणि मग तोही देतो. तू कागदावर आठ आर मोजतोस, जातात किती ते मोज. हायड्रॉलिक्सचा पेपर आहे ना या सेमिस्टरला?

गेल्या मंगळवारचं सांगते. दुसऱ्या दिवशी गालुंगान, इथला मोठा सण, त्यामुळे सगळ्या गल्लीत डुकरं कापणं, लावारसाठी मांस-भाजी कुटणं, दारापुढे पेंजोरचे सजवलेले बांबू उभारणं चाललेलं. (पेंजोर बघितला की मला दर वेळी आपली गुढीच आठवते, फक्त ही शेंड्याला वाकलेली.) सकाळी सातला पाटातलं पाणी आलं ते पांढरंफटक. वरच्या अंगाला व्हिलाचं काम चालू आहे, कामगार जावाचे, त्यांना सण नाही. त्यांनी काँक्रीटचा मिक्सर धुऊन पाणी सरळ पाटात सोडलं होतं. पाक वायान पेंजोरला झावळ्यांची नक्षी बांधत होते. ते तसंच टाकून, चांगलं धोतर वर खोचून पळाले आणि फावड्याने चिखल ओढून शेताचं तोंड बंद केलं. तोवर थोडं आत गेलंच. मग बादली घेऊन ते पांढरं पाणी उपसत बसले, दीड तास. त्यांची बायको, बू वायान, बांधावर उभी, हातात नैवेद्याची कानांग, तोंडाने एक शब्द नाही. मी बादली घेऊन गेले तर म्हणाले, "नको बू, सिमेंट आहे, हाताची आग होईल." स्वतःचे हात त्यातच होते.

हे बघितल्यावर त्याच माणसाला जाऊन मी विचारू, आमच्या ओंकारला स्विमिंग पूल बांधायला शेत देता का?

आता आजोबांचं. वेंगुर्ल्याच्या घराखालचा मळा तुझ्या मोठ्या मामाने मुंबईच्या पार्टीला दिला तेव्हा तू तीन वर्षांचा होतास. मामाला दोष देत नाही, त्याला मुलीचं लग्न करायचं होतं आणि शेती करायला घरात उरलं होतं कोण? पण त्यांनी चिऱ्याचं कंपाउंड घातलं आणि पाणंद बंद झाली. पन्नास वर्षं जिथून आम्ही समुद्रावर जायचो तिथे गेट आणि कुत्रा. आजोबा शेवटपर्यंत संध्याकाळी त्या गेटपर्यंत जायचे आणि परत यायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "पाय मोकळे करतंय."

मी काही साव नाही हं. आपण राहतो ते घरही पंधरा वर्षांपूर्वी शेतच होतं, बाबांचा पगार हॉटेलच्या पंपांवर चालतो, आणि टुरिस्ट आले नाहीत तर काय होतं ते 2020 मध्ये आपण सगळ्यांनी बघितलं. पाक वायानच्या धाकट्या मुलीची कॉलेजची फी भातातून निघत नाही, हेही मला माहीत आहे. उद्या त्यांनी स्वतःच शेत दिलं तर मी त्यांच्याशी बोलणं सोडणार नाही. पण मागणारं तोंड आपलं नको.

बाबांना मात्र मोह झालाय, तुझ्यापासून लपवत नाही. रात्री कॅल्क्युलेटर घेऊन बसले होते. मी सप्टेंबरची आठवण करून दिली. 10 तारखेच्या त्या पावसात देनपासारला बादुंग नदी बाजारात शिरली, काठावरच्या इमारती खाली बसल्या, पंधराच्या वर माणसं गेली. दुसऱ्या दिवशी बाबाच म्हणाले होते, "पाणी मुरायला जागाच नाही ठेवली." हे ऐकवल्यावर कॅल्क्युलेटर ठेवला, पण मिटवला नाही.

तुझा सर्फबोर्ड पलंगाखाली आहे, मेण वितळून फरशीला चिकटलं होतं ते खरवडलं. तुझा दोस्त कादेक विचारत होता. बाटू बोलोंगच्या किनाऱ्यावर म्हणे आता लाटेपेक्षा माणसं जास्त, शिकाऊ लोक एकमेकांच्या डोक्यावर बोर्ड घालतात, म्हणून तो पहाटे साडेपाचला जाऊन सातला परत येतो. सर्फर रिओ वाइदा इथे वाढून टोकियो आणि पॅरिस दोन्ही ऑलिंपिक खेळून आला, तेव्हापासून गल्लीतल्या प्रत्येक पोराला बोर्ड हवाय. खडकावर कापलेल्या तुझ्या पायावर कादेकने लिंबू पिळलं होतं आणि तू किंचाळला होतास, ते अजून नक्कल करून दाखवतो. वारा अजून पुरता फिरलेला नाही. एकदा पश्चिमेचा सुरू झाला की कुटाचा किनारा दरवर्षीसारखा प्लास्टिकने भरेल. पिशव्या आणि स्ट्रॉ 2019 पासून बंद आहेत, तरी नद्या कुठून एवढं आणतात देव जाणे.

मार्चमध्ये येतोस ना? तिकीट 19 तारखेचं काढू नकोस. त्या दिवशी न्येपी, बालीचं नवीन वर्ष, सगळे घरात गप्प बसतात आणि विमानतळ चोवीस तास बंद. यंदा गंमत म्हणजे पाडवाही त्याच दिवशी. त्यांचा शकही आपलाच, दोघांचं 1948 लागणार. 17 ला पोच, म्हणजे 18 च्या संध्याकाळी ओगोह-ओगोहची, म्हणजे राक्षसांच्या मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक मिळेल. कादेकच्या बांजारला, म्हणजे वाडीला, खांदा द्यायला माणसं कमी पडतायत. पुरणपोळ्या आदल्या दिवशीच करून ठेवीन. दुसऱ्या दिवशी आपल्याला चूल पेटवायची बंदी नाही तशी, पण शेजारी बू वायान उपाशी बसलेली असताना मी तवा ठेवणार नाही. गुढी अंगणात आतल्या बाजूला उभारू, दिवा न लावता.

येताना आमसुलं आण, अर्धा किलो तरी. आणि मित्राच्या वडिलांना काय सांगायचं ते तुझं तू बघ. आई नाही म्हणाली असं सांगितलंस तरी चालेल.

तुझी,
आई