उचल कुणाच्या अंगावर?

ती. बाबा आणि आई,
सा. न.

रविवारी फोनवर बाबांनी विचारलं, “म्हणजे पोरी, तू माणसं कामावरनं काढायचा हिशेब करतेस का?” मी “तसं नाही हो बाबा” म्हटलं आणि बोलणं आईच्या गुडघ्यावर नेलं. फोन ठेवल्यावर रात्रभर ते मनातून जाईना. बाबांना मी कधी खोटं सांगितलेलं नाही. म्हणून आज सुट्टी आहे तर नीट बसून लिहिते. आई, तू वाचताना कंटाळलीस तर मधलं सोड, पण बाबांना सगळं वाचू दे.

तर उत्तर ‘हो’ असं आहे. मार्चमध्ये इथे अमेरिकेत आमच्या फुटबॉल क्लबने एका जुन्या खेळाडूला सोडलं, आणि त्याला ठेवलं तर किती आणि सोडलं तर किती, हा कागद मी तयार केला होता.

आधी खेळाचं सांगते. कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर रंगतो तो हा फुटबॉल नाही, हा अमेरिकन फुटबॉल. इथे लांबट चेंडू हातात घेऊन, डोक्याला हेल्मेट आणि खांद्याला पॅड बांधून एकमेकांना आडवं करतात. लीगचं नाव एनएफएल. संघ 32, आणि हंगामात प्रत्येक संघात 53 खेळाडू. आपल्या आयपीएलमध्ये लिलावाला पैशाची मर्यादा असते ना, 2025 ला प्रत्येक संघाला 120 कोटी रुपये होती, तशी इथेही पगाराची मर्यादा आहे. तिला सॅलरी कॅप म्हणतात. 1994 साली ती सुरू झाली तेव्हा संघामागे 3 कोटी 46 लाख डॉलर होती. 2025 ला 27 कोटी 92 लाख. मालक कितीही गडगंज असला तरी त्याला या रेषेच्या वर जाता येत नाही. टीव्हीचे हक्क, तिकिटं वगैरे सगळ्यातून लीगला जे मिळतं त्यातला साधारण 48 टक्के वाटा खेळाडूंचा, असा मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यात करार आहे. त्यातून ही रेषा निघते. कोरोनात स्टेडियम रिकामी राहिली, तर 2021 ला ती 19 कोटी 82 लाखांवरून 18 कोटी 25 लाखांवर उतरली. बाबा, साखरेचा दर पडला की पुढच्या बिलावर दिसायचं, तसंच.

इथलं हिशेबाचं वर्ष मार्चच्या मध्यावर बदलतं, न्यूयॉर्कच्या घड्याळात दुपारी चारला. तेव्हा सांगलीत रात्रीचा दीड वाजलेला असतो. त्या क्षणी प्रत्येक संघ रेषेच्या आत असावाच लागतो. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये मी फोन उचलत नाही. आई, रागावू नकोस.

आता बाबांच्या कामाचं. तुम्ही कारखान्यात तोडणी-वाहतुकीचा हिशेब बघायचात, त्यामुळे माझं काम तुम्हाला इथल्या कित्येक पत्रकारांपेक्षा लवकर कळेल. सगळा खेळ उचलीचा आहे.

ऊसतोडीला टोळी यायच्या आधी, पावसाळ्यातच मुकादम कोयत्यामागे, म्हणजे तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीमागे, आगाऊ पैसे देतो, ती उचल. इथेही करारावर सही करताना खेळाडूला रोख रक्कम मिळते, तिला साइनिंग बोनस म्हणतात. समजा पाच वर्षांचा करार आहे आणि बोनस 2 कोटी डॉलर. पैसे त्याच्या हातात लगेच पडतात. पण कॅपच्या वहीत क्लबला ते पाच वर्षांत सारखे वाटून लिहिता येतात, वर्षाला 40 लाख. पहिल्या वर्षीचा पगार मुद्दाम कमी ठेवतात, समजा 12 लाख. म्हणजे खेळाडूला त्या वर्षी मिळाले 2 कोटी 12 लाख, आणि कॅपवर पडले फक्त 52 लाख. हातातला पैसा आणि वहीतला पैसा यांच्यातलं हे अंतर सांभाळणं म्हणजे माझी नोकरी.

अंतर वाढवायच्या वाटाही आहेत. रेषा जवळ आली की क्लब खेळाडूला म्हणतो, तुझ्या यंदाच्या पगारातले एक कोटी आत्ताच बोनस म्हणून घे. खेळाडू कशाला नाही म्हणेल? चार वर्षं उरली असतील तर ते एक कोटी पंचवीस-पंचवीस लाखांनी पुढे सरकतात आणि यंदा पाऊण कोटीची जागा मोकळी होते. वर्षं कमी पडली तर कराराला नावापुरती वर्षं जोडतात. त्या वर्षांत तो इथे खेळणार नाही हे दोघांनाही माहीत असतं, तरी वाटणीसाठी ती कागदावर उभी असतात. हे सगळं नियमात बसतं. पण मला ती नावापुरती वर्षं टाइप करताना दर वेळी जड जातं. आज मोकळी झालेली जागा तीन वर्षांनी कुणाला तरी बाहेर काढून भरावी लागते. तेव्हा बाहेर जाणारा भलताच असतो, ज्याने यातला एक डॉलरही घेतलेला नसतो.

आणि खेळाडूला मुदतीआधी सोडलं तर? वहीत पुढे ढकललेला सगळा बोनस एरवी एकदम त्याच वर्षाच्या कॅपवर येऊन आदळतो, एक जूननंतर सोडल्याची नोंद केली तर दोन वर्षांत विभागून. याला डेड मनी म्हणतात. माणूस गेला, बाकी राहिली. डेन्व्हरच्या संघाने 2022 साली रसेल विल्सन या मोठ्या खेळाडूचा करार पाच वर्षांनी वाढवला, सुमारे 24 कोटी 26 लाख डॉलरला. वाढवलेल्या वर्षांतला पहिला हंगाम सुरू व्हायच्या आत, मार्च 2024 ला त्याला सोडलं. साडेआठ कोटी डॉलरचा डेड मनी दोन वर्षांत विभागून संघाच्या अंगावर बसला. तोवर एवढा कुणाच्याच अंगावर बसला नव्हता. गंमत बघा, त्याच वर्षी त्यांनी नवा पोरगा आणला, बो निक्स. नवख्यांचे करार ठरलेल्या दराने होतात, त्यामुळे त्याची चार वर्षं मिळून दोन कोटी डॉलरच्या आत बसली. तो स्वस्त होता म्हणून एवढं ओझं घेऊनही संघ कित्येक वर्षांनी बाद फेरीत पोचला.

बाबा, आता मला जे खरं सांगायचं आहे ते.

मी चौथीत असेन. मे महिन्याच्या सुट्टीत तुम्ही मला कारखान्यावर घेऊन गेला होतात. त्या वर्षी पट्टा उशिरा पडला होता, म्हणजे गाळप उशिरा संपलं होतं, आणि टोळ्या परत निघायच्या तयारीत होत्या. तुमच्या टेबलासमोर बीडकडची एक बाई उभी होती, कडेवर पोर, पायात दोन वेगवेगळ्या चपला. मुकादमाने तिच्या कोयत्यावर सतरा हजार बाकी सांगितली होती. उचल फिटली नाही, म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाकडे यायचं. ती रडत नव्हती. “साहेब, शेवटच्या आठवड्यातल्या खेपा धरल्या का?” एवढंच परत परत विचारत होती. तुम्ही मला खुर्चीवर बसवलंत आणि वजनकाट्याकडे चालत गेलात. बऱ्याच वेळाने पावत्यांचा गठ्ठा घेऊन आलात. दोन खेपा दुसऱ्याच टोळीच्या नावावर चढल्या होत्या. तुम्ही लाल शाईने दुरुस्ती केलीत, खाली सही केलीत आणि तिला आकडा वाचून दाखवलात. बाकी पूर्ण फिटली नाहीच. पण ती कमी झाली. परतताना एसटीत तुम्ही काहीच बोलला नाहीत, मला मात्र मिरजेपर्यंत तिच्या चपला दिसत राहिल्या.

इथे आल्यावर पहिल्या वर्षी मला डेड मनीचा नियम शिकवला, तेव्हा मी दोनदा विचारून खात्री केली. बाकी क्लबच्या अंगावर? खेळाडूच्या नाही? नाही, क्लबच्याच. खेळाडू स्वतःहून खेळ सोडून गेला किंवा त्याने काही गंभीर गैरवर्तन केलं तर गोष्ट वेगळी. पण क्लबने त्याला नको म्हटलं तर हातात पडलेली उचल त्याची. त्याने ती फेडायला परत यायचं नाही, बायकोला आणायचं नाही, पोराला आणायचं नाही. बाबा, उचल तीच, वही तीच. बाकी कुणाच्या नावापुढे लिहायची, एवढाच फरक. इथल्या खेळाडूंनी संप केले, कोर्टात गेले, संघटना टिकवली, म्हणून ती बाकी मालकाच्या नावापुढे गेली. आपल्याकडे ती बाईच्या नावापुढे राहिली.

पण इथेही सगळं गोड नाही. पुढच्या वर्षांचा पगार बहुतेकांचा पक्का नसतो. पेपरात पाच वर्षांचा आकडा छापून येतो, पण त्यातला गॅरंटीड किती हे बघावं लागतं. बऱ्याच करारांत असं लिहिलेलं असतं की नवीन वर्षाच्या तिसऱ्या दिवशी माणूस संघात असेल तर त्याचा त्या वर्षीचा पगार पक्का. म्हणून पहिल्या दोन दिवसांत लोकांना सोडतात.

आमच्या त्या खेळाडूचं तेच झालं. आकडे मी वर मांडले तेच धरा. तीन वर्षं झाली होती, बोनसचे 80 लाख वहीत उरले होते, यंदाचा पगार 90 लाख. ठेवला तर कॅपवर 1 कोटी 30 लाख. सोडला तर 80 लाख डेड मनी, म्हणजे 50 लाखांची जागा. एक जूननंतर सोडल्याची नोंद केली तर यंदा 40 आणि पुढच्या वर्षी 40, म्हणजे यंदा 90 लाखांची जागा, पण ती जूनमध्येच हाताला लागते. मी या दोन ओळी मांडल्या आणि खाली तिसरी घातली, जी मला कुणी मागितली नव्हती. पगार 40 लाखांवर आणायचा आणि उरलेले 50 लाख तो किती सामने खेळतो त्यावर लावायचे. दुखापतीमुळे तो मागच्या हंगामात नऊच सामने खेळला होता. नियम असा की मागच्या वर्षी न गाठलेली अट ‘होण्यासारखी नाही’ म्हणून धरतात, त्यामुळे दहाव्या सामन्यापासूनचे पैसे यंदाच्या कॅपवर आधी पडत नाहीत. खेळला तर त्याला पूर्ण 90 मिळतील आणि क्लबला लगेच जागा मिळेल. माझ्या साहेबांनी ती ओळ वाचली, एजंटला फोन लावला. दोन तास बोलणं चाललं. एजंटने नकार दिला. गुडघा बरा झालाय, दुसरीकडे पक्के पैसे मिळतील असं त्याला वाटलं. त्यात त्याची चूक नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला सोडलं. मी कॉफी घ्यायला खाली गेले होते तेव्हा तो लॉकर रिकामं करून निघाला होता. काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बूट, दोन टॉवेल, आणि मुलीने काढलेलं एक चित्र, ते मात्र हातात वेगळं धरलेलं. मी कोण हे त्याला माहीत नाही. त्याने माझ्यासाठी दार उघडून धरलं.

त्या संध्याकाळी मी त्याचा करार पुन्हा पहिल्या पानापासून वाचला. बाबा, मला तुमचा वजनकाटा आठवला. क्लबकडून त्याचं काही देणं राहिलंय का, बघितलं. मागच्या हंगामातल्या सामन्यागणिक बोनसमध्ये एका सामन्याची नोंद राहिली होती. तो त्या दिवशी संघाच्या यादीत होता, पण मैदानात उतरला नाही, आणि करारात ‘यादीत असणं’ एवढीच अट होती. मी साहेबांना दाखवलं, त्यांनी लगेच मान्य केलं. पैसे गेल्या शुक्रवारी त्याच्या खात्यात गेले. इथल्या आकड्यांपुढे ती रक्कम फार मोठी नाही.

म्हणून बाबा, तुमच्या प्रश्नाला हो. मी हिशेब करते आणि त्या हिशेबावर माणसं राहतात किंवा जातात. मला हे काम आवडतं, आणि ते दुसऱ्या कुणी घाईत करण्यापेक्षा मी केलेलं बरं असं वाटतं. तुम्हाला हे पटलं नाही तर तसं स्पष्ट सांगा. फोनवर गप्प राहू नका.

आई, गुडघ्याचा एक्स-रे काढलास का? “बघू” म्हणू नकोस. भडंग संपलं, पण कुरिअर करू नकोस, मी येतेच आहे. जूनच्या मध्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत इथे सगळं शांत असतं, तेव्हा पाच आठवडे सांगलीत. हरिपूरला संगमावर जाऊ, पावसात का होईना.

आणि एक काम. बाबांच्या जुन्या टाचणवह्या 2019 च्या पुरात भिजल्या, तेव्हा आपण तिघांनी एकेक पान पंख्याखाली वाळवलं होतं. त्या अजून खालच्या खोलीत पत्र्याच्या पेटीत आहेत. गावभागात पाणी शिरायला वेळ लागत नाही. मी येईपर्यंत पावसाळा सुरू झालेला असेल, तेव्हा मे संपायच्या आत ती पेटी वरच्या मजल्यावर न्या. बाबा, तुम्ही स्वतः उचलू नका. शेजारच्या पोरांना हाक मारा. मला त्यातली ती लाल शाईची नोंद बघायची आहे.

तुमची,
बाळी