हार्ड डिस्क आणि कारळाची चटणी

औसा,
येळवशीनंतरचा (वेळ अमावास्येनंतरचा) तिसरा आठवडा

चि. ताईस, अनेक आशीर्वाद.

तुझा मामेभाऊ परवा रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला येतोय. त्याच्याजवळ आईने धपाटे आणि कारळाची चटणी दिलीय, आणि मी माझ्या जुन्या उपरण्यात गुंडाळलेला एक डबा दिलाय. डब्यात हार्ड डिस्क आहे, तुझे सगळे फोटो तिच्यात उतरवलेत. चटणीला तेल सुटतं, दोन्ही वेगवेगळ्या पिशव्यांत ठेव असं त्याला तीनदा सांगितलं. तरी हातात घेताना तू बघून घे.

तू फोनवर म्हणालीस, "बाबा, सगळं वर आहे की, गूगलवर. कशाला एवढा उटारेटा करताय?" मी गप्प बसलो. फोनवर तुझी मीटिंग लागते आणि माझं वाक्य अर्ध्यात राहतं. म्हणून लिहितोय.

सुरुवात तुझ्या आईच्या अंगठ्यापासून झाली. दिवाळीनंतर तिच्या मोबाइलवर जागा संपली, जागा संपली असं यायला लागलं. मग दुपारी बाजेवर बसून तिने चार-पाचशे फोटो निवडून पुसले, तांदळातले खडे काढावेत तसे. हललेले, अंधारे, डोळे मिटलेले. तिला वाटलं, मोबाइलमधले गेले तरी वरचे राहतील. पण तो मोबाइल घेतला तेव्हा तू त्यात तुझंच खातं घातलं होतंस, आणि गूगल फोटोज या ॲपची वर आणि खाली मिळून वही एकच असते. खाली खोडलं की वरही खोडलं जातं. पुसलेलं साठ दिवस कचऱ्याच्या डब्यात पडून राहतं, मग कायमचं जातं. मला कळलं तो एक्केचाळिसावा दिवस होता. त्या डब्यात काय सापडलं सांगू? यंदाच्या नव्हे, त्याआधीच्या येळवशीला आजी शेतात कडब्याच्या कोपीसमोर आंबील वाढतेय तो फोटो. हात हललाय, चेहरा अर्धा उन्हात. तुझ्या आईच्या हिशेबी बिघडलेला. खरं सांगायचं तर आपल्या फोटो स्टुडिओत मीही असला फोटो गिऱ्हाइकाच्या हातात दिला नसता. पण त्यानंतर आजी शेतात आली नाही.

सगळे परत आणले. आईला काही बोललो नाही, तूही बोलू नको. तिने त्या दिवसापासून मोबाइलला हातच लावलेला नाही, तो कसा लावायला लावावा हा माझ्यापुढचा वेगळाच प्रश्न आहे.

त्यानंतरच तुझ्याकडून तुझ्या खात्यात शिरायचा कोड मागून घेतला. गूगलची टेकआउट म्हणून सोय आहे, तिथे सांगायचं की माझे सगळे फोटो बांधून द्या. ते झिप फायलींची पोती भरून देतात. पोतं केवढं हवं तेही विचारतात, १ जीबीपासून ५० जीबीपर्यंत. मी १० चं सांगितलं. तुझे १८४ जीबी, म्हणजे एकोणीस पोती. बांधायलाच दीड दिवस गेला, मग मेल आला. त्यातली लिंक सातच दिवस चालते. आपलं इंटरनेट ३० एमबीपीएसचं, हिशेबाने चौदा तासांत सगळं उतरायला हवं. पण रात्री बाराला लावावं आणि तीनला लाइट जावी, की ते अर्धवट पोतं पुन्हा पहिल्यापासून. सातव्या दिवशी सोळा उतरली होती. तीन राहिली आणि लिंक बंद झाली. मग पुन्हा सगळं बांधायला सांगितलं, राउटर इन्व्हर्टरवर घेतला, आणि एकोणीसच्या एकोणीस नव्याने उतरवली. दोन खेपांची पोती एकमेकांत मिसळून चालत नाहीत, सातव्या पोत्यात दोन्ही वेळेला तेच भरलेलं असेल याचा भरवसा नाही.

त्याआधी मी थोडा शहाणपणाही केला. ३२ जीबीचा जुना पेनड्राइव्ह घरात होता, म्हटलं बघू तर यावर. जागा रिकामी, तरी म्हणतो फाइल फार मोठी आहे. असले पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने आखलेले असतात, त्यात ४ जीबीच्या वरची एक फाइल मावत नाही. बरंच झालं. पेनड्राइव्ह हा इकडून तिकडे न्यायला, सांभाळून ठेवायला नव्हे. तुला पाठवलेली डिस्क एक्सफॅट पद्धतीने आखून घेतलीय, माझ्या विंडोजवर आणि तुझ्या ॲपलवर दोन्हीकडे उघडेल.

उघडल्यावर घाबरू नको. तुझ्या लग्नाचे फोटो दोनदा दिसतील, एकदा सालाच्या फोल्डरमध्ये आणि एकदा अल्बमच्या. राहू दे तसेच, जागा बक्कळ आहे. आणि फोटोंच्या शेजारी जेसन नावाच्या बारीक फायली दिसतील. कचरा समजून त्या पुसू नको. फोटो कधीचा, कुठला, खाली तू काय लिहिलंस, ते त्या चिठ्ठीत असतं. कॅमेऱ्याच्या फोटोच्या पोटात तारीख असते, पण व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोतली ती वाटेतच गळालेली असते. आणि मी स्कॅन केलेले आजोबांचे फोटो, ज्यांना तू दोन दिवस माझ्याजवळ बसून १९७४, १९७९ अशा तारखा घातल्यास, त्या तारखा फोटोवर उतरलेल्याच नाहीत. त्या फक्त चिठ्ठीत आहेत. एक्झिफटूल म्हणून प्रोग्राम आहे, त्याने चिठ्ठीतली तारीख फोटोत भरता येते. ते पुढे कधी सवडीने करू.

आता तुझं "सगळं वर आहे". कॉलेजात संभाजीनगरला होतीस तेव्हाही तू हेच म्हणायचीस, तेव्हा वर म्हणजे ऑर्कुट होतं, फेसबुकासारखं. ते ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. दोष त्यांचा नाही, आधी सांगितलं होतं आणि आपलं सामान काढून न्यायला सप्टेंबर २०१६ पर्यंत मुदतही दिली होती. तू म्हणालीस, काढू की. होस्टेलच्या गच्चीवरचे तुमचे फोटो आज कुठे आहेत? गूगल फोटोज २०१५ ला आलं तेव्हा हवे तेवढे फोटो फुकट ठेवता येत होते, थोडे बारीक करून. १ जून २०२१ पासून नवे फोटो खात्याच्या फुकटच्या १५ जीबीत मोजायला लागले. त्यांचं दुकान आहे, नियम ते ठरवणार, यात मला राग नाही. दुकानदारी मीही केलीय.

पण तारीख बघ, ३० सप्टेंबर. त्या तारखेचं मला आणखी एक सांगायचंय. तुला कधी सांगितलं नाही.

आपल्या स्टुडिओत प्रत्येक रोलला नंबर होता. बटर पेपरच्या पाकिटात निगेटिव्हच्या पट्ट्या, पाकिटावर नंबर, आणि रजिस्टरात त्या नंबरापुढे गाव, नाव, तारीख. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. माणसं गणपती बुडवून येऊन झोपली होती. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती, वर मातीचं माळवद, सगळं झोपेतल्या माणसांच्या अंगावर आलं. तू अडीच वर्षांची होतीस. आपण वाचलो. एवढं तुला ठाऊक आहे.

महिना-दीड महिन्याने लोक स्टुडिओत यायला लागले. पत्र्याच्या शेडात राहणारी माणसं. भिंतीवरची तसबीर भिंतीबरोबर गेलेली. "आमच्या लग्नाची निगेटिव्ह असंल का हो तुमच्याकडं?" मी रजिस्टर काढायचो, गाव बघायचो, पाकीट शोधायचो. एका म्हाताऱ्याची सून फक्त वरातीच्या ग्रुपमध्ये होती, मागच्या रांगेत, पदर अर्ध्या तोंडावर. तेवढाच चेहरा एनलार्जरवर मोठा केला. फिल्मचा दाणा एवढा फुटला की नाक कुठे संपतं ते कळेना. त्याने कागद उन्हाकडे धरून बराच वेळ बघितला. पैसे नको म्हणालो तर रागावला, आणि काउंटरवर दहा रुपये ठेवून गेला.

आणि काही जणांना मी म्हणालो, सापडत नाही. ते खोटं होतं. मी ती विकली होती. त्याच सालच्या उन्हाळ्यात. माळ्यावर जागा उरली नव्हती, आणि ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर चांदी असते, ती काढणारे लोक गावोगाव फिरायचे. जुने एक्स-रे, जुन्या निगेटिव्ह किलोवर घ्यायचे. मी १९८१ ते ८५ ची पाकिटं दोन पोती भरून दिली. एवढ्या जुन्या निगेटिव्ह कोण मागायला येणार, असं वाटलं होतं. रजिस्टर मात्र कुणी विकत घेत नाही, ते राहिलं. म्हणजे गाव होतं, नाव होतं, लग्नाची तारीख होती, नंबर होता. समोर तो माणूस उभा, आणि माझं बोट त्या ओळीवर.

त्या पैशात टेबलफॅन घेतला होता. हिरव्या पात्यांचा. मी तो कामून लावू देत नाही असं तू लहानपणी विचारायचीस.

असो. आता प्रती तीन झाल्या. एक वर, एक इथे गोदरेजच्या कपाटात, एक तुझ्याकडे. माझी आई पेरणीची जवारी अशीच ठेवायची, थोडी उतरंडीत, थोडी कणगीत, आणि पायलीभर बहिणीच्या गावाला. घराला काही झालं तरी बी राहावं म्हणून. फोटोवाले लोकही हाच हिशेब सांगतात: तीन प्रती, दोन तऱ्हेच्या ठिकाणी, त्यातली एक परगावी. पण डिस्क म्हणजे ताम्रपट नाही, ती पाच-सात वर्षांत कधीही मान टाकू शकते. म्हणून दर येळवशीला तू येतेस तेव्हा घेऊन ये, नवे फोटो घालू आणि जुने उघडतात का बघू. येताना विसरशील म्हणून आधीच सांगतोय, बॅगेत कपड्यांच्या मधे ठेवायची, वर नाही.

धाकट्याच्या लग्नाचा अल्बम तुला नुसता लिंकने दिलाय, तो त्याच्या खात्यात आहे. त्याने काढला तर तुझ्याकडूनही जाईल. तो आधी स्वतःच्या खात्यात सेव्ह करून घे. त्याला फोटो पुसायची सवय आईकडून आलीय.

आणखी एक. दोन वर्षं खात्याकडे कुणी फिरकलंच नाही तर ते खातं काढून टाकायचा गूगलचा नियम आहे, २०२३ मध्ये आला. माझं खातं तसं पडून राहू नये म्हणून इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजरमध्ये तुझं नाव घातलंय. मी तीन महिने दिसलो नाही तर तुला मेल येईल, मग तुला माझे फोटो उतरवून घेता येतील. मेल आला तर आधी मला फोन कर, मी पासवर्ड विसरलेलो असायची शक्यता जास्त आहे.

डिस्क मिळाली की संगणकाला लाव, कुठलंही एक साल उघड आणि त्यातला एक फोटो मला पाठव. म्हणजे मला कळेल की वाटेत काही बिघडलं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणार असशील तर डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर तो बारीक होऊन येतो. आणि जमलं तर आंबिलाचाच पाठव.

तुझे,
बाबा

ता. क. उपरणं परत पाठव. ते अजून चांगलं आहे.