पाखाड्या आणि देवरहाट्या राहिल्या, तरच कातळशिल्पांना अर्थ

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कोकणातील कातळशिल्पांचा, म्हणजे जांभ्या कातळावर कोरलेल्या प्राचीन चित्रांचा, समावेश 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला आणि तेव्हापासून राजापूर, रत्नागिरी परिसरातील सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळपठारांवर, येणाऱ्या लोकांची संख्या वाढली. माझ्यासारख्या राजापूर तालुक्यातच आयुष्य गेलेल्या माणसाला याचा मनापासून आनंद आहे. गुरे राखणाऱ्यांना ही चित्रे पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती, पण त्यांना विचारून, सडे पायी पालथे घालून ती जगासमोर आणण्याचे काम रत्नागिरीच्या निसर्गयात्री संस्थेने आणि तिच्याबरोबरच्या अभ्यासकांनी वर्षानुवर्षे केले. मात्र या शिल्पांपर्यंत जाण्याच्या वाटेचा विचार कुणी करताना दिसत नाही. ती वाट डोळ्यांदेखत नाहीशी होत आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सविस्तर सांगतो. आमच्याकडे घरे डोंगरउतारावर असतात आणि एका वाडीतून दुसऱ्या वाडीत, देवळात, पऱ्यावर (ओढ्यावर) किंवा वर सड्यावर जाण्यासाठी जांभ्या दगडाच्या चिऱ्यांनी बांधलेली पायऱ्यांची वाट असते. तिला आम्ही पाखाडी म्हणतो. दोन्ही बाजूंना मातीचुन्याशिवाय नुसते दगडावर दगड रचून केलेले गडगे असतात. आमच्या वाडीतील पाखाडीच्या पायऱ्या मधोमध इतक्या झिजल्या आहेत, की पहिल्या पावसाचे पाणी त्या खळग्यांत ओंजळभर साठते, आणि अनवाणी चढणाऱ्याचे पाऊल आपोआप त्याच खळग्यात पडते. पावसाळ्यात गडग्यांच्या फटींतून नेचे उगवतात, शेवाळाचा हिरवा थर चढतो आणि उन्हाळा आला की तोच गडगा पुन्हा तांबडा होतो. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी याच वाटेने घरोघरी येते. वाटेची रुंदीही पालखी वळेल एवढी आहे, त्याहून अधिक नाही.

ही पाखाडी चढून वर गेले की देवरहाटी, म्हणजे देवाच्या नावाने राखलेली देवराई, लागते. ऐन, किंजळ, बेहडा, सातवीण, काजरा असे जुने वृक्ष, त्यांवर मनगटाएवढ्या जाडीचे गारंबीचे वेल, आणि भर दुपारीही डोळे सरावायला वेळ लागेल असा काळोख. देवाच्या धाकाने इथली काटकीसुद्धा कुणी घरी नेत नसे. डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी 1970 च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास करून त्यांचे महत्त्व मांडले, त्याला आता अर्धशतक झाले. देवरहाटी ओलांडली की एकदम उघडा सडा येतो. उन्हाळ्यात तापलेल्या तव्यासारखा दिसणारा हा कातळ पावसाळ्यात दीपकाडीच्या पांढऱ्या फुलांनी आणि पुढे सीतेच्या आसवांच्या निळ्या-जांभळ्या गालिच्याने भरून जातो. सड्यावर ‘काही नाही’ म्हणणाऱ्यांनी तो या दिवसांत एकदा तरी पाहावा. कातळशिल्पे याच सड्यांवर आहेत. कशेळीच्या सड्यावरचा हत्ती सुमारे 18 मीटर लांबीचा आहे आणि त्याच्या देहरेषेच्या आत इतर कितीतरी लहानमोठे प्राणी कोरलेले आहेत. आज कोकणात कुठेही नसलेला गेंडाही या शिल्पांत आढळतो. त्याच कशेळीत कनकादित्याचे मंदिर आहे आणि तेथे शिलाहार राजा दुसरा भोज याचा शके 1113 म्हणजे इ. स. 1191 चा ताम्रपट आहे. प्रागैतिहासिक रेषा, बाराव्या शतकातील दानपत्र आणि आजही चालती असलेली पूजा एकाच गावात नांदते, हे वैभव मोटारीच्या काचेतून कळत नाही. पायांखालचा चिरा, रानातला काळोख आणि नंतरचा उघडा कातळ या क्रमाने आलेल्या माणसालाच ते कळते, असे माझे अनुभवाने झालेले मत आहे.

दुर्दैवाने विकास म्हणजे सिमेंट, असे समीकरण गावोगावी झाले आहे. चार वर्षांपूर्वी आमच्या वाडीतील पाखाडीच्या खालच्या भागावर कोणत्याशा योजनेतून काँक्रीट ओतण्यात आले. पायऱ्या बुजल्या, एका बाजूचा गडगा मोडून त्याचे दगड भरावात गेले. हेतू वाईट नव्हता. दुचाकी दारापर्यंत यावी, आजारी माणसाला खाली नेणे सोपे व्हावे, ही गरज खरी आहे आणि ती मी नाकारणार नाही. पण हा उतार इतका तीव्र आहे, की दुचाकी आजही वर चढत नाही. चिऱ्यांच्या सांध्यांतून आणि गडग्याच्या फटींतून जिरणारे, वाटा काढणारे पाणी पहिल्याच पावसाळ्यात त्या गुळगुळीत घसरगुंडीवरून थेट खालच्या घरांच्या खळ्यात (अंगणात) शिरले, आणि ज्या वृद्ध स्त्रिया जन्मभर झिजल्या पायऱ्यांवरून डोक्यावर भारा घेऊन उतरल्या, त्या आता जुलै-ऑगस्टमध्ये भिंतीचा आधार घेत उतरतात. जांभा सच्छिद्र असतो, त्यावर पाय धरतो, हे ज्यांनी पाखाडी बांधली त्यांना ठाऊक होते.

दुसरी काळजी सड्याची. सडा म्हणजे पडीक जागा, अशी समजूत असल्याने चिरेखाणींचा पहिला घाव तिथेच बसतो. त्यात आता पर्यटकांच्या गाड्या शिल्पांच्या अगदी कडेपर्यंत नेण्याची मागणी होऊ लागली आहे. कातळात उथळ कोरलेल्या रेषेवरून चाक गेले तर काय उरेल, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. उक्षी येथे ग्रामस्थांनी हत्तीच्या शिल्पाभोवती संरक्षक भिंत घातली आणि पाहण्यासाठी उंचावर जागा केली. गावाने मनावर घेतले तर काय होऊ शकते, याचे हे उत्तम उदाहरण आहे. माझे म्हणणे एवढेच, की हीच काळजी शिल्पाकडे नेणाऱ्या वाटेलाही मिळावी.

त्यासाठी नवा कायदा लागत नाही. गावनकाशात पायवाटा एकेरी तुटक रेषेने दाखवलेल्या असतात. प्रत्येक ग्रामपंचायतीने त्या नकाशावरून गावातील पाखाड्या आणि पाणंदी प्रत्यक्ष चालून नोंदवाव्यात आणि त्यांची दुरुस्ती जांभ्या चिऱ्यानेच करावी, असा ठराव ग्रामसभेत घ्यावा. गडगा रचणारे कसबी हात अजून गावांत आहेत, पण त्यांतील बहुतेक साठीच्या पुढचे आहेत. या कामाची मजुरी मिळाली तर तरुण ते शिकतील. देवरहाट्यांची नोंद जैवविविधता समित्यांनी लोकजैवविविधता नोंदवहीत केवळ झाडांच्या यादीपुरती न करता हद्दीसह करावी. राजस्थानातील देवरायांविषयी 18 डिसेंबर 2024 रोजी दिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा वनांच्या संरक्षणासाठी देशपातळीवर धोरण असावे, असे सुचवले आहे. ते येईपर्यंत आमच्याकडील हद्दी तरी कागदावर याव्यात. आणि वाहनतळ शिल्पांजवळ न करता गावात, देवळापाशी करावा. तिथून गावातल्याच वाटाड्याबरोबर अर्धा-पाऊण तास चालत जाता येते. ज्यांना चालणे शक्य नाही, अशा वृद्धांसाठी आणि अपंगांसाठी गावातील एखादे वाहन सड्याच्या कडेपर्यंत जाऊ द्यावे, त्याला कुणाचीच हरकत नसेल.

आपल्या वृत्तपत्राचे वार्ताहर तालुक्यातालुक्यात आहेत. त्यांनी आपापल्या भागातील एकेका पाखाडीची आजची स्थिती छायाचित्रासह प्रसिद्ध केली, तर ग्रामसभांपुढे ठेवायला काहीतरी हाती येईल. आमच्या वाडीतील वरच्या टप्प्याच्या 84 पायऱ्या अजून शाबूत आहेत. त्यांवर काँक्रीट ओतण्याचा प्रस्ताव पुन्हा पुढे आला आहे आणि त्यावर येत्या ग्रामसभेत चर्चा व्हायची आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक
ता. राजापूर, जि. रत्नागिरी